डोळ्याच्या पडद्याचे स्कॅन: ठाणे-नवी मुंबईतली सेवा कशी आहे?

ठाण्यात नौपाडा, गोखले रोड, पाचपाखाडी आणि तिकडे वाशी, नेरूळ, खारघर. डोळ्याच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, तपासणी आता या पट्ट्यात घराजवळ होते. साध्या ओसीटीसाठी, म्हणजे प्रकाशाने पडद्याच्या थरांचा छेद दाखवणाऱ्या स्कॅनसाठी, दादर-भायखळ्याची गाडी पकडायचे दिवस गेले. मशीनंही बहुतेक ठिकाणी चांगली आहेत. तरी फायलीतले बरेच कागद डॉक्टर एकदा बघून बाजूला ठेवतात आणि स्कॅन पुन्हा करायला सांगतात. पडद्याच्या आजारात एकट्या स्कॅनला मर्यादित किंमत असते. मागच्या स्कॅनशी जुळवता येईल असा पुढचा स्कॅन मिळाला, तर तुमचे पैसे वसूल. या परीक्षणात आम्ही सेवा तोलली आहे ती याच काट्यावर.

नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. आजींना पंधरा वर्षं साखर, डाव्या डोळ्यात मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला, सूज. तीन महिने घोडबंदरच्या मुलाकडे, तीन महिने खारघरच्या मुलीकडे. पहिला स्कॅन ठाण्यात स्पेक्ट्रॅलिस मशीनवर, मधल्या भागाची जाडी ३४० मायक्रॉन. दुसरा खारघरला सिरस या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर, ३२२. घरात आनंद, अठरा मायक्रॉन सूज उतरली! प्रत्यक्षात काहीच उतरलेलं नसण्याची शक्यता मोठी. जाडी मोजताना पडद्याची बाहेरची हद्द कुठे धरायची हे प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं. सिरस ती रेषा आरपीई या थरावर ओढतं, स्पेक्ट्रॅलिस त्याच्याही खालच्या ब्रुक्स मेम्ब्रेनवर. जुनं स्ट्रॅटस तर बरंच वर, प्रकाशपेशींच्या आतल्या-बाहेरच्या भागांच्या सांध्यावरच थांबायचं. म्हणून मधुमेही सुजेच्या अमेरिकी चाचण्यांमध्ये मशीननुसार वेगळी मर्यादा धरतात: सिरसवर बायकांसाठी २९० आणि पुरुषांसाठी ३०५, स्पेक्ट्रॅलिसवर ३०५ आणि ३२०, स्ट्रॅटसवर सरसकट २५०. डोळा तोच, आकडे तीन.

यावर उपाय साधा आहे. दोन घरांत राहणाऱ्यांनी स्कॅनची जागा एकच धरावी, किंवा निदान मशीनचा प्रकार एक ठेवावा. केंद्रात फोन केल्यावर पहिला प्रश्न ‘किती घेता?’ हा नको. ‘तुमच्याकडे मशीन कुठलं आहे आणि आधीच्या स्कॅनला फॉलो-अप लावता येईल का?’ असं विचारा. नव्या मशीनांत डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची नक्षी ओळखून, मागच्या वेळी रेष जिथून गेली होती तिथूनच नवी रेष घेण्याची सोय असते. पण त्यासाठी टेक्निशियनने तुमचं जुनं नाव शोधून उघडावं लागतं. गर्दीच्या वेळी नवीन पेशंट म्हणून नोंद करणं सोपं पडतं आणि तिथेच मालिका तुटते. नावाचं स्पेलिंग एका अक्षराने बदललं तरी मशीनला तो माणूस दुसराच वाटतो. काउंटरवर जुना नोंदणी क्रमांक हातात घेऊनच उभं राहायचं.

आता कागद. ओसीटीचा रंगीत प्रिंट हातात पडला की बहुतेकांचं लक्ष लाल-पिवळ्या नकाशाकडे जातं. आधी कोपऱ्यात बघा. सिरसवर सिग्नल स्ट्रेंग्थ दहापैकी लिहिलेली असते. सहाच्या खाली असेल तर त्या स्कॅनच्या आकड्यांवर उपचार ठरवू नयेत. मोतीबिंदू दाट असेल तर सहा गाठणंही कठीण, ते समजण्यासारखं आहे. मात्र डोळा कोरडा पडल्यामुळे सिग्नल घसरला असेल तर कृत्रिम अश्रूंचा एक थेंब टाकून, दोनदा डोळे मिचकावून पुन्हा घेतलेला स्कॅन बराच सुधारतो. जे केंद्र हे मिनिटभराचं काम आपणहून करतं, ते चांगलं समजावं.

दुसरी गोष्ट, रेषा. काळ्या-पांढऱ्या आडव्या छेदावर सॉफ्टवेअरने दोन रंगीत रेषा ओढलेल्या असतात, एक पडद्याच्या वर आणि एक तळाशी. मध्ये पाणी साचलं असेल किंवा वर पातळ पापुद्रा धरला असेल तर एखादी रेष भलतीकडेच उडी मारते. मग जाडी २०० दाखवते जिथे ती ४०० असते. हे चुकलेलं सेगमेंटेशन उघड्या डोळ्यांनी, अगदी घरच्यालाही दिसतं. तिसरं म्हणजे नेम. प्रिंटवरच्या नऊ खणांच्या गोल चक्राचा मधला खण हा एक मिलिमीटर व्यासाचा. पडद्याचा खळगा, म्हणजे फोविआ, त्याच्या बरोबर मध्ये हवा. नजर अधू असलेल्याला आतला ठिपका दिसत नाही, डोळा सरकतो, चक्र बाजूला बसतं आणि मधल्या खणात शेजारची जाड कड मोजली जाते. सूज नसताना सूज.

काही ठिकाणी वेळ वाचवायला पाच रेषांचाच रास्टर काढून देतात. छेद सुरेख दिसतात, पण दोन रेषांच्या मधलं पाणी सुटतं. मॅक्युलाचा आजार असेल तर सहा बाय सहा मिलिमीटरचा पूर्ण क्यूब, म्हणजे तेवढा चौकोन दाट रेषांनी भरून काढणारा स्कॅन, हवाच, रास्टर त्याच्या जोडीला चालेल. आणि हिरवा-पिवळा-लाल रंग म्हणजे निकाल नव्हे. मशीनच्या साठ्यातल्या निरोगी लोकांशी केलेली ती तुलना. चष्म्याचा उणे नंबर मोठा असलेल्या माणसाचा डोळा लांबट असतो, पडदा मुळातच पातळ, त्यामुळे सगळं लाल येतं आणि घरी रडारड. उलट हिरवं आलं म्हणून आजार नाही, असंही नाही.

तपासणीची तयारी कुणी सांगत नाही, ही या पट्ट्यातली सर्वांत सरसकट त्रुटी. सकाळी डोळ्यात मलम घालून जाऊ नये, चित्र धूसर येतं. स्कॅन आणि फोटो आधी, डोळ्याला टेकून दाब मोजणं किंवा जेल लावून भिंगाने तपासणं नंतर. हा क्रम उलटला की बुब्बुळावरचा पृष्ठभाग विस्कटतो आणि पुढचा तासभर फोटोला धार येत नाही. सोनोग्राफीचं जेलही त्यातच आलं.

ओसीटीला बाहुली मोठी करावीच लागते असं नाही. बाहुली तीनेक मिलिमीटरची असेल आणि मोतीबिंदू नसेल तर थेंबांशिवाय चांगला स्कॅन येतो. पण फोटो, अँजिओग्राफी किंवा डॉक्टरांची तपासणी सोबत असेल तर थेंब घालावेच लागतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेले थेंब वापरतात. रक्तदाब फार वाढलेला असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा, नुसत्या ट्रॉपिकामाइडवर भागवता येतं. काचबिंदूचा अँगल अरुंद आहे असं कधी कुणी सांगितलं असेल तर तेही. साधारण अर्ध्या तासात बाहुली फुलते. जुन्या मधुमेहात ती हट्टी असते, तीनदा-चारदा थेंब पडतात आणि तास जातो. नंतर चार ते सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सोसवत नाही. गॉगल आणि सोबतीला माणूस हवाच. स्कूटर घेऊन जायचं नाही. ठाणे स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या फुललेल्या बाहुल्यांनी उतरणंही धोक्याचंच, त्यामुळे ट्रान्स-हार्बरने ऐरोली-घणसोलीला परतणाऱ्यांनी दुपारची, रिकाम्या गाडीची वेळ मागून घ्यावी.

आता एफएफए, म्हणजे पडद्याची अँजिओग्राफी. शब्द ऐकला की घरचे हृदयाची फाइल शोधायला लागतात. हृदयाशी संबंध नाही, मांडीतून नळी नाही. कोपराजवळच्या शिरेत फ्लुओरेसिन नावाचा पिवळा डाय सोडतात, निळा प्रकाश टाकतात आणि डायमधून परत येणारा हिरवा उजेड कॅमेरा टिपतो. माणसाच्या डोळ्यात हे पहिल्यांदा जमवलं ते अमेरिकेतल्या इंडियानात, नोव्हॉटनी आणि अल्विस या दोघांनी, १९६१ साली. डायचं प्रमाण सहसा ५०० मिलिग्रॅम: दहा टक्क्यांचा असेल तर पाच मिली, वीस टक्क्यांचा असेल तर अडीच ते तीन मिली.

या तपासणीत सगळा खेळ पहिल्या अर्ध्या मिनिटाचा. डाय हातातून डोळ्यात पोचायला दहा ते पंधरा सेकंद लागतात. आधी पडद्याखालचा वाहिन्यांचा थर, म्हणजे कोरॉइड, उजळतो, मग धमन्या, मग शिरांच्या कडा, मग पूर्ण शिरा. या क्षणांचे फोटो एकाच डोळ्याचे मिळतात, दुसऱ्याची पाळी नंतर. म्हणून चिठ्ठीवर ‘ट्रान्झिट उजवा’ किंवा ‘ट्रान्झिट डावा’ असं लिहिलेलं हवं. ते नसेल आणि टेक्निशियनने सवयीने उजव्यापासून सुरुवात केली, पण शीर डाव्या डोळ्यातली तुंबलेली असेल, तर नेमकी हवी ती माहिती हुकते. डाय पुन्हा त्याच बैठकीत देऊन काम भागत नाही, कारण आधीचा डाय पडद्यात मुरलेला असतो. शेवटचे फोटो दहाव्या मिनिटाच्या आसपास घ्यायचे, कारण गळती कुठली आणि नुसता डाग कुठला हे तेव्हा कळतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ‘झालं काका, उठा’ म्हणणाऱ्या केंद्राचा रिपोर्ट अर्धाच असतो. फोटोवरची वेळ बघा, प्रत्येक चित्रावर मिनिट-सेकंद छापलेले असतात.

क्रमाची आणखी एक चूक इथे होते. ऑटोफ्लुओरेसन्सचा फोटो सांगितला असेल तर तो डाय देण्याआधी काढायला हवा. डाय गेल्यावर काढलेल्या फोटोत पडद्याची स्वतःची चमक कुठली आणि डायची कुठली, हे वेगळं करता येत नाही. ओसीटी, रंगीत फोटो, ऑटोफ्लुओरेसन्स आणि सर्वांत शेवटी डाय, असा क्रम धरावा.

सुरक्षेच्या बाबतीत आम्ही इथे कडक आहोत. डाय टोचणाऱ्या खोलीत ऑक्सिजन, अ‍ॅड्रिनलिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन हाताच्या अंतरावर हवं आणि डॉक्टर त्याच मजल्यावर हवेत. कॅन्युला लावून आधी सलाइन ढकलून शीर तपासावी. डाय अल्कधर्मी असतो, शिरेबाहेर गेला तर हात चांगलाच भाजल्यासारखा दुखतो. साध्या बटरफ्लाय सुईनेही काम होतं, पण तपासणी संपेपर्यंत शिरेतली वाट उघडी ठेवणारं केंद्र शहाणं. टोचल्यानंतर मिनिटाच्या आत थोड्या लोकांना मळमळतं, दोन-तीन लांब श्वास घेतले की जातं. अंगावर गांध्या उठणं त्याहून कमी. रिअ‍ॅक्शनने जीव जाणं फारच विरळ, साधारण दोन लाखांहून अधिक तपासण्यांत एखादी, असा १९८६ सालचा मोठा अमेरिकी अभ्यास सांगतो. विरळ म्हणजे शून्य नव्हे, म्हणून नंतर अर्धा तास बसवून ठेवतात त्यावर कुरकुर करू नका. हातावर थेंबभर डाय टोचून ‘टेस्ट’ करतात, तिच्यावर फार विसंबू नये. टेस्ट कोरी आली तरी पुढे रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

उपाशीपोटी या, असा निरोप काही ठिकाणांहून मिळतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने सकाळपासून उपाशी बसून अकराच्या अपॉइंटमेंटला एक वाजवणं हे डायपेक्षा जास्त धोक्याचं. दोन तास आधी हलका नाश्ता पुरे. क्रिएटिनिनचा रिपोर्ट बरेच जण मागतात. हा डाय सीटी स्कॅनच्या आयोडीनवाल्या डायसारखा नाही, पण शरीराबाहेर पडतो तो मुख्यतः लघवीवाटेच. त्यामुळे किडनीचा आजार किंवा डायलिसिस असेल तर सांगणं आवश्यक. गरोदरपणात शक्यतो टाळतात, अंगावर पाजणाऱ्या आईने आधी विचारावं, कारण डाय दुधात उतरतो. कातडी काही तास पिवळट आणि लघवी दिवस-दीड दिवस भडक पिवळी होते, ती कावीळ नव्हे. रक्ताच्या किंवा लघवीच्या इतर तपासण्या करायच्या असतील तर आधी उरका, नाहीतर तीन-चार दिवस थांबा. डायमुळे काही आकडे चुकू शकतात.

प्रत्येक मधुमेह्याला एफएफए लागते का? नाही. सुजेला इंजेक्शनं चालू आहेत आणि दर महिन्याला प्रतिसाद बघायचा आहे, तर ओसीटी पुरते. रक्तपुरवठा कुठे तुटला आहे, नव्या नाजूक वाहिन्या कुठे फुटल्या आहेत किंवा दृष्टी का गेली याचा ओसीटीतून मेळ बसत नाही, तेव्हा डाय द्यावा. शीर तुंबल्यावरही.

डायशिवायची ओसीटी अँजिओग्राफी आता काही ठिकाणी मिळते आणि तिची जाहिरात ‘बिनसुईची’ म्हणून होते. वाहिन्यांचं जाळं तिच्यात सुंदर दिसतं, मॅक्युलाखालच्या नव्या वाहिन्यांसाठी ती उपयोगी आहे. पण ती रक्ताची हालचाल टिपते, गळती दाखवत नाही. खिडकी सहसा तीन बाय तीन किंवा सहा बाय सहा मिलिमीटरची, नजर हलली की आडवे पांढरे पट्टे. एफएफएच्या जागी सरसकट ही घेऊ नये. आयसीजी हा दुसरा डाय, अवरक्त प्रकाशात बघायचा, कोरॉइडसाठी. आशियाई लोकांत जास्त दिसणाऱ्या, कोरॉइडच्या वाहिन्यांना फुगे धरणाऱ्या पॉलिपॉइडल आजारात तो खरा कामाचा. त्यात आयोडीन असतं आणि तो यकृतातून बाहेर पडतो, म्हणून आयोडीनची अ‍ॅलर्जी किंवा यकृताचा आजार असेल तर सांगायचं. ही सोय सगळीकडे नाही, निघण्याआधी फोन करून विचारा.

वाइड फील्ड फोटोबद्दल थोडं सावध. साधा फंडस कॅमेरा एका फोटोत ४५ अंशांचा भाग दाखवतो, ऑप्टॉसचं मशीन २०० अंशांपर्यंत जातं, पडद्याचा साधारण ८२ टक्के भाग. बाहुली न फुलवताही चालतं, म्हणून हेल्थ चेकअपच्या पॅकेजात बसतं. त्याचे रंग लाल आणि हिरव्या लेझरचे असतात, म्हणून फोटो हिरवट येतो, घाबरू नका. खाली-वर पापण्यांच्या केसांची सावली पडते आणि नेमक्या तिथल्या काठावर फट असेल तर दिसत नाही. डोळ्यापुढे अचानक माशा किंवा विजेसारखी चमक आली असेल तर या फोटोवर समाधान मानू नये, बाहुली फुलवून, डोळा हलका दाबून केलेली तपासणीच हवी. आणि दोन्ही डोळ्यांच्या फोटोत तोच डाग त्याच जागी दिसत असेल तर तो पडद्यावर नाही, कॅमेऱ्याच्या भिंगावर आहे. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. असा डाग ‘ओल्ड स्कार’ म्हणून रिपोर्टात गेला तर तो रुग्णाच्या नावावर वर्षानुवर्षं राहतो.

आतलं काहीच दिसत नसेल, म्हणजे रक्त भरलं आहे किंवा मोतीबिंदू पार पिकला आहे, तर बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी. मिटलेल्या पापणीवर जेल लावून होते. पडदा जागेवर आहे की सुटला हे ती सांगते, मॅक्युलाचं बारीक काम तिच्या आवाक्यातलं नाही. चालत्या चित्रात तपासणारा काय बघतो यावर सगळं अवलंबून, छापलेला एक फोटो फारसा बोलत नाही. त्यामुळे ही तपासणी शक्यतो जो शस्त्रक्रिया करणार त्याच्याच दवाखान्यात करावी.

संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, हे पडद्याला इजा करू शकणारं औषध, घेणाऱ्यांना या पट्ट्यात सर्वांत कमी सल्ला मिळतो. डोस रोज दर किलो वजनामागे पाच मिलिग्रॅमच्या आत हवा. पहिल्या वर्षात एकदा पायाभूत तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, किडनी कमकुवत असेल तर त्याआधीपासून. ओसीटी आणि दृष्टिक्षेत्राची फील्ड टेस्ट दोन्ही करायच्या, ऑटोफ्लुओरेसन्सही उपयोगी. आशियाई लोकांत इजा मॅक्युलाच्या जरा बाहेर सुरू होताना दिसते, म्हणून फक्त मधल्या दहा अंशांची फील्ड पुरत नाही, २४-२ किंवा ३०-२ ही जास्त रुंद भागाची मागावी आणि ओसीटीची रेष रुंद घ्यायला सांगावी. फाइलीत औषधाचं नाव लिहिलेलं नसेल तर टेक्निशियन नेहमीचाच स्कॅन काढेल, दोष त्याचा नाही.

जागांविषयी आमचं मत. रेटिना तज्ज्ञाच्या स्वतःच्या दवाखान्यातलं मशीन सर्वांत भरवशाचं, कारण स्कॅन वाईट आला तर तोच डॉक्टर तिथल्या तिथे पुन्हा काढायला सांगतो. मोठ्या साखळी रुग्णालयांत मशीन नवं आणि नोंदी नीट, पण टेक्निशियन बदलत राहतात आणि शनिवारी दोन-दोन तास जातात. फक्त तपासण्या करणारी स्वतंत्र केंद्रं स्वस्त पडतात, तिथे चिठ्ठी नेमकी हवी: कुठला डोळा, कुठला प्रोटोकॉल, कशासाठी. ‘ओसीटी बोथ आइज’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी नेली तर काचबिंदूसाठी नसेचा स्कॅन काढून देतील आणि मॅक्युला राहून जाईल. चष्म्याच्या दुकानातला फुकट फोटो चाळणीपुरता ठीक.

दर विचारताना तो एका डोळ्याचा की दोन्हींचा, डाय आणि कॅन्युला धरून की वेगळे, आणि तज्ज्ञाने सही केलेला रिपोर्ट मिळणार की नुसता प्रिंट, हे तिन्ही विचारा. स्वस्त वाटलेला आकडा तिथेच दुप्पट होतो. इंजेक्शनच्या मंजुरीसाठी विमा कंपन्या ओसीटीची प्रत सहसा मागतात, तारीख आणि डोळ्याची बाजू वाचता येईल अशी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला प्रिंटचा फोटो यासाठी कामाचा नाही, चमकणाऱ्या कागदावर ट्यूबलाइट पडलेली असते आणि छेदांतले राखाडी थर सपाट होऊन जातात. पीडीएफ मागा, आणि एफएफएची सगळी चित्रं पेनड्राइव्हवर. निवडक सहा चित्रांचा पानभर कोलाज देणाऱ्याला बाकीची कुठे आहेत ते विचारा. साठा भरला की जुने स्कॅन पुसणारी केंद्रंही आहेत, त्यामुळे प्रत त्याच दिवशी घ्यायची आणि पेनड्राइव्ह घरी उघडून दोन्ही डोळे आहेत ना, ते बघून मगच रिक्षाचं भाडं वाचलं असं समजायचं.